गच्चीवरच्या चिलरखाली स्प्रिंग टाकण्याआधी

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्यातल्या एका चार मजली रुग्णालयाच्या गच्चीवर १५० टीआरचे (टन रेफ्रिजरेशन, म्हणजे थंडाव्याची क्षमता) दोन एअर-कूल्ड स्क्रू चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रं, आहेत, शेजारी चिल्ड वॉटरचे दोन पंप. चिलर निओप्रीनच्या पॅडवर ठेवून अँकर बोल्टने पेडेस्टलला (काँक्रीटच्या बुटक्या खांबांना) आवळलेत. पंप थेट काँक्रीटच्या ओट्यावर आहेत. खालच्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये रात्री एकसुरी गुणगुण ऐकू येते आणि पलंगाच्या दांडीला हात लावला तर बारीक थरथर जाणवते. पुरवठादार म्हणतो, सगळ्यांखाली स्प्रिंग आयसोलेटर (कंप खाली जाऊ न देणारे टेकू) टाकून देतो. देखभाल विभागाने विचारलंय: टाकावेत का, कोणते टाकावेत, आणि क्रेन न लावता, चिलर जागेवरून न हलवता हे काम होईल का?

टाकावेत. जागेवरच होईल. पण नुसते स्प्रिंग टाकून गुणगुण जाईल असं मी तरी लिहून देणार नाही, आणि पुरवठादाराकडूनही ते लिहून मिळणार नाही. कारण हातापायांना जाणवणारी थरथर आणि कानाला ऐकू येणारी गुणगुण हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांचे उगम वेगळे, वाटा वेगळ्या, उपायही बऱ्याच अंशी वेगळे. तुमच्याकडे दोन्ही एकदम आहेत, म्हणून गोंधळ होतोय.

खरेदीच्या आधी एक रात्र तपासणीला द्या. वॉर्डाच्या सिस्टरना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, एका माणसाला खालच्या खोलीत बसवा आणि वर एकेक यंत्र बंद-चालू करा. आधी दोन्ही चिलर बंद, फक्त एक पंप चालू. मग दुसरा पंप. मग एक चिलर, त्याचा एकच कॉम्प्रेसर. कंडेन्सरचे पंखे कॉम्प्रेसरशिवाय चालवता येत असतील तर तेही. प्रत्येक वेळी खालचा माणूस वेळ आणि काय जाणवलं ते लिहील. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. आवाज किती मोठा आहे हे सांगण्यात ते कच्चं असतं, अगदी खालच्या पट्टीत तर फारच. पण कोणत्या वारंवारतेला टोक आलंय ते ठीक दाखवतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

टोक कुठे आहे त्यावरून गुन्हेगार कळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २९५० फेरे मारते, म्हणजे ४९ हर्ट्झ. बऱ्याच स्क्रू कॉम्प्रेसरच्या मेल रोटरला पाच पाकळ्या असतात, त्यामुळे फिक्स्ड स्पीडच्या कॉम्प्रेसरचा मुख्य सूर ४९ गुणिले ५, म्हणजे २४५ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याची दुप्पट ४९० ला. पाकळ्या चार असतील किंवा कॉम्प्रेसरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर आकडा बदलेल, तो डेटाशीटवरून काढा. चार पोलचा पंप १४७० फेऱ्यांचा, म्हणजे २४.५ हर्ट्झ, इम्पेलरला सहा पाती असतील तर त्याचा दुसरा सूर १४७ ला. कंडेन्सरचे सहा पोलचे पंखे ९३० च्या आसपास फिरतात, म्हणजे १५.५ हर्ट्झ. आणि नेमकं १०० हर्ट्झला टोक दिसलं तर चिलर सोडा, आधी ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलकडे बघा.

आवाज स्लॅबमधून येतोय की हवेतून, हेही त्याच रात्री ठरवा. खालच्या खोलीची खिडकी उघडल्यावर आवाज स्पष्ट वाढला तर तो बाहेरून, हवेतून येतोय. त्याला स्प्रिंगचा काडीचा उपयोग नाही; तिथे कॉम्प्रेसरवर अकूस्टिक जॅकेट, गच्चीच्या दाराची सील, शाफ्टची तोंडं बंद करणं हे उपाय. खिडकीने फरक पडला नाही, पण खोलीतल्या कॉलमला कान लावल्यावर सूर ठळक ऐकू आला, तर तो इमारतीच्या हाडांतून उतरतोय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुरवठादाराचा कॅटलॉग वाचता येत नाही. आपल्याकडे आयसोलेटर किलोवर विकत घेतात: “हजार किलोचा द्या.” किलो लागतातच, पण खरा आकडा मिलिमीटरचा. यंत्राचं वजन पडल्यावर आयसोलेटर किती खाली बसतो, त्याला स्टॅटिक डिफ्लेक्शन म्हणतात. त्यावरून त्याची नैसर्गिक वारंवारता निघते: १५.८ भागिले डिफ्लेक्शनचं वर्गमूळ. डिफ्लेक्शन मिलिमीटरमध्ये, उत्तर हर्ट्झमध्ये. पॅड २ मिमी बसला तर ११ हर्ट्झ. १० मिमीला ५, २५ मिमीला ३.२, ५० मिमीला २.२. यंत्राच्या कंपाची वारंवारता या आकड्याच्या १.४ पटीहून जास्त असेल तिथून पुढे कंप अडायला सुरुवात होते. त्याच्या खाली आयसोलेटर काही अडवत नाही, उलट कंप वाढवतो. व्यवहारात निदान तीन-चार पट तरी अंतर ठेवावं.

हे तुमच्या चिलरला लावून बघा. साधा नक्षीदार निओप्रीन पॅड वजनाखाली एक-दोन मिमी बसतो. दोन धरले तर ११ हर्ट्झ. पंखा १५.५ वर, म्हणजे गुणोत्तर १.४. अगदी उंबरठ्यावर! पंख्याचा कंप पॅडमधून जवळजवळ जसाच्या तसा खाली जातोय. शिवाय रबर हलत्या भाराखाली स्थिर भारापेक्षा जास्त कडक वागतं, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट. पलंगाच्या दांडीतली थरथर इथली असण्याची शक्यता मोठी. तिथे २५ मिमीची स्प्रिंग टाकली तर गुणोत्तर पाचाच्या जवळ जातं आणि कागदावर चारच टक्के कंप खाली उतरतो.

कागदावर म्हणालो, कारण हे सूत्र खालची जमीन पक्की आहे असं धरून चालतं. गच्चीचा स्लॅब पक्का नसतो, तोही एक स्प्रिंगच आहे. सात-आठ मीटर स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबची स्वतःची वारंवारता साधारण सहा ते दहा हर्ट्झच्या घरात येते, आणि तुमचा पॅड अकरावर. दोन स्प्रिंग एकावर एक आणि दोघींचा ताल जवळजवळ एकच, याहून वाईट जोडी नाही. म्हणून तळघरात पॅडवर निमूट चालणारं तेच मॉडेल गच्चीवर तक्रारी आणतं. नियम असा की स्लॅब जेवढा वाकतो त्याच्या कितीतरी पट आयसोलेटर बसला पाहिजे. स्पॅन सहा मीटरच्या आत असेल तर २५ मिमी पुरेल, नऊच्या पुढे गेला तर मी ४० ते ५० मिमीची मागणी करतो. तुमचा स्पॅन किती, हे स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून बघा. चिलर कॉलमच्या डोक्यावर आणि मुख्य बीमवर आहे की स्लॅबच्या पोटात, यावरच निम्मा निकाल लागतो.

आता गुणगुण. हिशोबाने बघितलं तर २४५ हर्ट्झला तुमचा अकरा हर्ट्झचा पॅडसुद्धा पुरायला हवा, गुणोत्तर बावीस येतं. तरी सूर खाली पोचतोय, याचा अर्थ तो पॅडमधून जातच नसावा. त्याने बाजूची वाट धरलीय. सगळ्यात जवळची वाट म्हणजे तुमचे अँकर बोल्ट. पॅडच्या भोकातून बोल्ट आरपार, वर नट, तो नट फिटरने जीव खाऊन आवळलेला. चिलरची फ्रेम, नट, बोल्ट, काँक्रीट अशी लोखंडाची सलग वाट झाली. पॅड तिथे फक्त शोभेला. बोल्ट हवेतच, पण त्यांच्याभोवती रबरी बुश आणि नटाखाली रबरी वॉशर पाहिजे, आणि नट हाताने टेकवून वर चेकनट (पहिला ढिला होऊ न देणारा दुसरा नट). हे काम एका दुपारचं आहे. चिलर बंद करून आधी हेच करा आणि त्याच रात्री पुन्हा ऐका. गुणगुणीचा बराच भाग इथेच गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी वाट पाइपांची, आणि माझ्या मते तुमच्याकडे हीच मोठी असावी. चिलरच्या नोझलला, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाला, बेलोज (लवचीक रबरी जोड) आहे का? असला तर तो सरळ आहे की ओढाताणीने वाकलाय? त्याच्या पुढचा पाइप कशावर टेकलाय? नेहमीचं दृश्य असं: चिलरला नवेकोरे बेलोज, आणि त्यांच्या पुढे हातभर अंतरावर पाइप अँगलच्या स्टँडला यू-बोल्टने आवळलेला, स्टँडचे पाय स्लॅबमध्ये फास्टनर मारून पक्के. शिवाय कॉम्प्रेसरचा आणि पंपाच्या पात्यांचा ठोका पाइपातल्या पाण्यातूनही प्रवास करतो, आणि बेलोज तो थोडाच कमी करतात. म्हणून चिलर आणि पंपाजवळचे पहिले तीन-चार सपोर्ट तरी लवचीक हवेत. वरून टांगलेल्या पाइपाला स्प्रिंग हँगर, जमिनीवरच्या स्टँडखाली स्प्रिंग किंवा जाड निओप्रीन, आणि यू-बोल्ट व पाइप यांच्यामध्ये रबरी पट्टी. पहिल्या सपोर्टचं डिफ्लेक्शन चिलरच्या स्प्रिंगइतकंच ठेवा, नाहीतर यंत्र तरंगतंय आणि पाइप जागेवर अडलाय अशी कुस्ती लागते. पाइप स्लॅबमधून शाफ्टमध्ये उतरतो तिथे बाहीत (पाइपाभोवतीच्या भोकात) सिमेंट भरलंय का ते बघा. भरलं असेल तर फोडा, चारी बाजूंनी दोनेक सेंटिमीटर फट ठेवून ग्लासवूल किंवा रॉकवूल भरा आणि वर लवचीक सीलंट लावा. शाफ्टमधला रायझर (उभा पाइप) क्लँपने स्लॅबवर टेकला असेल तर क्लँपखालीही रबर हवं.

केबलचाही विचार करा. जाड आर्मर्ड केबल ताणून सरळ ग्लँडमध्ये घातली की तीही एक काठीच होते. एक सैल वळसा ठेवा.

इथे स्प्रिंगबद्दलची एक गोष्ट, जी कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असते. स्प्रिंग म्हणजे शेवटी लोखंडाची गुंडाळलेली तार. खालच्या वारंवारतेचे धक्के ती अडवते, पण वरचे सूर तारेच्या अंगातून सरळ खाली वाहतात. म्हणून प्रत्येक स्प्रिंगच्या बुडाशी निदान ६ मिमीचा निओप्रीन पॅड असलाच पाहिजे. पॅड काढून बिनरबराच्या स्प्रिंग बसवल्या तर थरथर कमी होईल आणि गुणगुण होती तशीच राहील, कदाचित वाढेल. हाऊसिंग (स्प्रिंगभोवतीचा लोखंडी डबा) अँकर करणार असाल तर त्या बोल्टलाही पुन्हा रबरी बुश, नाहीतर वर केलेलं सगळं वाया.

स्प्रिंग निवडताना चिलरचं एकूण वजन भागिले सहा असं करू नका. उत्पादकाच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक टेकूवरचं ऑपरेटिंग वजन, म्हणजे पाणी आणि गॅस धरून, दिलेलं असतं. शिपिंग वजन वेगळं, ते वापरायचं नाही. समजा तुमचा चिलर ५००० किलोचा आहे, सहा टेकू: कॉम्प्रेसरच्या टोकाला दोन्ही बाजूंना १०५०, मध्ये ८५०, दुसऱ्या टोकाला ६००. सगळीकडे २५ मिमी हवं असेल तर स्प्रिंगचा कडकपणा अनुक्रमे ४२, ३४ आणि २४ किलो प्रति मिमी असा वेगवेगळा लागेल. सरासरीने सहाही ठिकाणी ३३ ची स्प्रिंग टाकली तर एक टोक साडेएकतीस मिमी बसेल आणि दुसरं अठरा. मग फिटर लेव्हलिंग बोल्ट फिरवून चिलर पाणसळीत आणतो आणि सगळे खूश होतात. वरून लेव्हल दिसते खरी, पण जड टोकाची स्प्रिंग जवळजवळ मिटलेली असते. वळसे एकमेकांना टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, ठोकळा होतो. म्हणून ठरलेल्या डिफ्लेक्शनच्या पुढे आणखी ५० टक्के मिटायला जागा शिल्लक आहे ना, हे विचारा: २५ मिमीच्या स्प्रिंगला साडेबारा मिमी. दुसरं, स्प्रिंगचा बाहेरचा व्यास तिच्या दबलेल्या उंचीच्या ०.८ पटीहून कमी नसावा. उंच आणि बारीक स्प्रिंग आडवी कलंडते.

प्रकार घ्यायचा तो रिस्ट्रेंड, म्हणजे हाऊसिंगमध्ये वरखाली थांबे असलेला. उघडी स्प्रिंग गच्चीवर नको. एकतर वळवाच्या वादळात एवढ्या मोठ्या अंगाच्या यंत्रावर वाऱ्याचा आडवा दाब येतो. दुसरं, देखभालीसाठी कॉम्प्रेसर काढला की काहीशे किलो एकदम उतरतात, स्प्रिंग उसळते आणि तो ताण नोझलवर जातो. कूलिंग टॉवरला तर पाणी भरलेलं आणि रिकामं यातच प्रचंड फरक असतो, तिथे थांबे नसतील तर पाइप उखडलाच म्हणून समजा. तिसरं, आयएस १८९३ च्या २०१६ सालच्या नकाशात पुणे झोन तीनमध्ये येतं, आणि कोयनेचा १९६७ चा भूकंप या भागाने अनुभवलाय. रुग्णालयाचं यंत्र भूकंपानंतरही जागेवर राहायला हवं. थांब्यांना किती बळ लागेल ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून काढून घ्या, पुरवठादाराच्या “सगळं चालतं साहेब” वर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. पहिली अडचण उंचीची. पॅड १२ मिमीचा, आणि २५ मिमी डिफ्लेक्शनच्या स्प्रिंगचं हाऊसिंग दीडशे ते दोनशे मिमी उंच. चिलर तेवढा वर गेला तर नोझल, पाइप, केबल सगळंच हलतं. दोन मार्ग आहेत. एक, पेडेस्टलची उंची कमी करायची. पण वर चिलर असताना खाली ब्रेकर चालवायचा आणि तोही आयसीयू असलेल्या इमारतीत, हे मला पटत नाही. दुसरा, फ्रेमच्या बाजूने ब्रॅकेट काढून स्प्रिंग फ्रेमच्या शेजारी बसवायची, म्हणजे उंची जेमतेम वाढते. त्यासाठी शेजारी नवी छोटी पेडेस्टल लागतील आणि ब्रॅकेटचं डिझाइन उत्पादकाला दाखवून मान्य करून घ्यावं लागेल. फ्रेमला परस्पर वेल्डिंग केलं तर वॉरंटीचा प्रश्न येतोच, शिवाय कंट्रोलरचं कार्ड उडण्याची भीती. बोल्टचं ब्रॅकेट बरं. पाइपात बदल करायचाच असेल, आणि तुमच्याकडे सपोर्टसाठी तो करावाच लागणार आहे, तर मी सरळ चिलर वर घेऊन पाइपाचा तुकडा नवा करीन.

नवी पेडेस्टल घालणार असाल तर ब्रिकबॅट कोब्यावर घालू नका. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि मसाला, त्याला एका जागी हजार किलोचा भार आणि त्यावर अखंड कंप सोसत नाही. काही पावसाळ्यांत तो बसतो आणि तिथूनच गळती सुरू होते. कोबा कापून स्लॅबपर्यंत जा, बीमच्या रेषेवर डॉवेल बसवून पेडेस्टल ओता, आणि वॉटरप्रूफिंग पेडेस्टलच्या अंगावर वर चढवून घ्या. पेडेस्टलचे माथे एका पातळीत हवेत, एकमेकांत तीन मिमीहून जास्त फरक नको. लेव्हल ट्यूबने मापा आणि नॉन-श्रिंक ग्राउटने बरोबरी करा.

चिलर उचलण्याआधी पाणी काढा, दोन्ही फ्लँज सोडा, केबल सैल करा. फ्लँज सोडताना लक्ष ठेवा: शेवटचा बोल्ट निघाल्यावर पाइप किती उसळतो किंवा खाली येतो? उसळला तेवढा तो चिलरच्या नोझलला लटकलेला किंवा त्याला ढकलत होता. हा आकडा लिहून ठेवा, सपोर्ट कुठे चुकलाय ते त्यावरून कळतं. मग टो-जॅक, बुटके, फ्रेमच्या कडेखाली जीभ सरकवता येणारे. उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागीच लावायचे, सगळीकडे एकाच वेळी आणि एका खेपेला पाच मिमीहून जास्त नाही. प्रत्येक खेपेनंतर खाली लोखंडी पॅकिंग सरकवायचं, माणसाचा हात पोकळीत जायच्या आत. एकच कोपरा उचलला की पाच-सहा मीटर लांबीची फ्रेम पिळवटते, आणि तो पीळ जातो थेट कंडेन्सर कॉइलच्या जोडांवर. गॅस गळतो आणि कारण कुणाला सापडत नाही.

आयसोलेटर खाली सरकवताना त्यांचे थांबे घट्ट लॉक केलेले असावेत, म्हणजे हाऊसिंग त्या वेळी ठोकळ्यासारखं वागतं. चिलर त्यावर उतरवा. आता पाणी भरा. हो, स्प्रिंग सोडण्याच्या आधी पाइप जोडून पाणी भरायचं, पण पाइप स्वतःच्या सपोर्टवर स्वतंत्र उभा आहे आणि फ्लँज ओढाताण न करता समोरासमोर येतात, याची खात्री झाल्यावरच. मग लेव्हलिंग बोल्ट दोन-दोन फेरे, सगळ्या टेकूंवर आळीपाळीने, जड टोकापासून सुरुवात करून. फ्रेम पॅकिंगवरून हळूच सुटेल. पॅकिंग हाताने निघालं म्हणजे भार स्प्रिंगवर आला. शेवटी थांब्यांच्या नटांखाली ३ ते ६ मिमी फट ठेवून चेकनट आवळा. ही फट विसरणं फार वेळा दिसतं: वाहतुकीसाठी आवळलेले नट तसेच राहतात, आणि महागड्या स्प्रिंगवर चिलर वर्षानुवर्षं ठोकळ्यावर बसावा तसा बसलेला असतो.

बसवून झालं की पुरवठादाराला सोडू नका. प्रत्येक स्प्रिंगची मोकळी उंची डेटाशीटमध्ये असते, दबलेली उंची व्हर्नियरने मापा, वजाबाकी करा. २५ हवे होते, किती मिळाले? दहा टक्क्यांच्या आत असेल तर सही करा. मग त्याच खोलीत, त्याच रात्रीच्या वेळी, तीच बंद-चालू मालिका पुन्हा, तेच अ‍ॅप.

पंपांचं काम वेगळं आहे आणि तेही टाळू नका. पंपाखाली नुसती स्प्रिंग चालत नाही, कारण पंप हलका आणि त्यावरचं पाइपाचं ओझं मोठं. त्याला इनर्शिया बेस लागतो: चॅनेलची चौकट, आत काँक्रीट, वजन पंप-मोटरच्या दीड ते दोन पट, जाडी निदान १५० मिमी, आणि त्याखाली २५ मिमीच्या स्प्रिंग. सक्शनचा एल्बोही शक्यतो त्याच बेसवर टेकवा. इथे बेलोजचा सापळा आहे. १५० मिमीच्या पाइपात ४ बारचा दाब असेल तर बेलोज ताणून लांब होऊ पाहतो आणि पंपाला सुमारे ७०० किलोच्या जोराने ढकलतो. स्प्रिंगवर तरंगणारा पंप अर्थातच सरकतो. म्हणून बेलोजला कंट्रोल रॉड हवेत, रॉडच्या नटांखाली रबरी वॉशर, आणि बेलोजच्या पलीकडे पाइपाला पक्का आधार. काही जाणकार बेलोज वगळून दोन-तीन एल्बो आणि स्प्रिंग हँगर यांवरच लवचीकपणा मिळवतात. जागा असेल तर तो मार्ग मलाही जास्त भरवशाचा वाटतो, रबर फुटून गच्चीवर पाणी येण्याची धास्ती राहत नाही. बेसचं जादा वजन स्लॅबला पेलेल का, हा प्रश्न पुन्हा कन्सल्टंटला.

पंपांना व्हीएफडी असेल तर आणखी एक तपासणी. वेग कमी झाला की कंपाची वारंवारता खाली सरकते आणि कुठेतरी स्लॅबच्या किंवा पाइपाच्या तालाला जाऊन भिडते. पूर्ण वेगाला शांत असलेला पंप ४० टक्क्यांवर घरघरतो तो यामुळे. वेग हळूहळू उतरवत जा, जिथे कंप वाढतो तो पट्टा व्हीएफडीच्या स्किप फ्रीक्वेन्सीमध्ये (टाळायच्या वेगांच्या यादीत) टाका. तुमच्याकडे कूलिंग टॉवर नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं: ३०० फेऱ्यांचा टॉवरचा पंखा ५ हर्ट्झवर असतो, २५ मिमीची स्प्रिंग ३.२ वर. पूर्ण वेगालाच गुणोत्तर तोकडं, आणि पंखा ६० टक्क्यांवर आला की तो थेट स्प्रिंगच्या तालावर नाचतो. तिथे ५० मिमीच्या आत बोलू नये, आणि त्यावरही स्किप पट्टा ठेवावा.

मालाबद्दल थोडं. हाऊसिंग हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या, तळाशी पाणी जायला भोक आहे ना ते बघा. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यात स्प्रिंग बुडून गंजते. कोकणपट्टीत किंवा मुंबईत समुद्राजवळ काम असेल तर स्प्रिंगला इपॉक्सी किंवा पावडर कोटिंग हवंच. पॅड निओप्रीनचे, नैसर्गिक रबराचे नकोत, ते गच्चीवरच्या उन्हात आणि ओझोनमध्ये तडकतात. आणि कुणी एकसंध मोठी रबरी चादर अंथरून देतो म्हणालं तर नको म्हणा. रबर दाबलं की ते आकसत नाही, बाजूला फुगतं. सलग चादरीला फुगायला जागाच नसते, म्हणून ती बसत नाही आणि अडवतही नाही. नक्षीदार, खाचांचे छोटे तुकडे चांगले.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी अँकर बोल्टला बुश आणि सैल नट, मग पाइपाचे सपोर्ट आणि शाफ्टची बाही, मग पंपांचे इनर्शिया बेस, आणि शेवटी चिलरच्या स्प्रिंग. प्रत्येक टप्प्यानंतर एक रात्र ऐकायचं. दोन टप्प्यांत गुणगुण गेली आणि फक्त थरथर उरली तर स्प्रिंगची ऑर्डर डोळे मिटून द्या. थरथरही गेली तर तो पैसा वाचला. चिलरचं काम डिसेंबर-जानेवारीत काढा, तेव्हा पुण्यात एका चिलरवर इमारत निभावते आणि दुसरा पाणी काढून निवांत उचलता येतो. पहिल्याचं मोजमाप हातात आल्याशिवाय दुसऱ्याच्या स्प्रिंग मागवू नका. दोन्ही चिलर एकाच मॉडेलचे असले तरी दोघांखालचा स्पॅन एकसारखा असेलच असं नाही.